कापलेला फोन

प्रबंध लिहिण्यासाठी मी ब्राह्मणपुरीला घरी आले होते आणि इंटरनेटसाठी रोज शहाद्याला जात असे. परतीच्या बसची वाट पाहताना एक बाई मला तिथल्या बसस्थानकावर दिसे. पदराने मोबाइल पुसून ती सुरतेला, यंत्रमागावर काम करणाऱ्या मुलाला फोन लावी. तो पलीकडून लगेच कापला जाई आणि ती प्रसन्न हसे.

"बोलत नाही का तो?" मी एकदा विचारले.

"मशीनवर बोलता येस नई. त्यानी फोन कापी टाका, म्हणजे बरा शे मन्हा आंडोर. इतली शिकेल तू, इतलं बी समजस नई?"

माझे संशोधन ब्लॉकचेनच्या सुरक्षिततेवर आहे. अनेक संगणक मिळून एकच नोंद सांभाळतात, त्यांच्यावर कुणी एक मालक नसतो. ठरावीक वेळेत उत्तर न देणारा संगणक वगळला जातो, असे मी तिला सांगितले.

"काढी टाकतस? वाट नई देखतस?"

ती वेळ किती असावी, हेच मला ठरवायचे होते. फार थांबले तर हल्लेखोराला संधी मिळते. घाई केली तर केवळ मंद असलेला संगणकही मृत ठरतो.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी तिने लावलेला फोन कापला न जाता पूर्ण वाजून थांबला. तिने पुन्हा लावला, पुन्हा तेच. बस लागली, तरी ती इंजिनाच्या आवाजापासून दूर जाऊन उभी राहिली.

"तू जाय बहीन. मी मांगेतून येसू."

पुण्यात माझा प्रबंध सादर झाला. त्या मुलाने नंतर फोन कापला का, हे विचारायला माझ्याकडे तिचे नावही नाही.