तिसऱ्याचं नाव

माणूस मेल्यावर घरचे लोक काय काय करतात ते मी पाहून घेतलं. माझ्या मुलानं प्लास्टिकच्या नळीत थुंकून ती पोस्टानं पाठवली. तेही स्वयंपाकघरात, ओट्याशी उभं राहून, जिथं त्याची आई भाकरी थापायची तिथं. नळीवर रेघ असते, तिथपर्यंत थुंकायचं, आणि फेस धरायचा नाही म्हणे. सून मोबाइलवर शूटिंग घेत होती. मी हातातला चहा बेसिनमध्ये ओतला आणि मागच्या अंगणात जाऊन बसलो.

पण खाज माझीच होती, हे आधी सांगून टाकतो.

मी भुसावळचा. शाळा सातवीत सुटली, मग लोको शेडमध्ये फिटर. बायको रेल्वेच्या गार्डाची मुलगी. तिची आई आपल्याकडचीच, पाचोऱ्याची, पण बापाचा बाप आयर्लंडचा. इंग्रजांच्या पलटणीत शिपाई म्हणून आला, पलटण परत गेली, हा राहिला आणि रेल्वेत चिकटला. त्याचे डोळे माझ्या बायकोला आले होते, घारे, पाणीदार. गल्लीतल्या बाया तिला मांजरी म्हणायच्या. इथं न्यूझीलंडला मुलाकडे आलो तर सुनेनं तिच्या मैत्रिणींना सांगून ठेवलेलं की आमच्या सासूबाई कोकणस्थ आहेत. बायको हसली होती. मला नाही हसू आलं.

आता आमच्याकडची आखाजी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अक्षय्य तृतीयेला खानदेशात पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर छोटं मडकं, वर खरबूज, सांजोऱ्या, आंबे. आणि उंबरठ्यावर कुंकवाची बोटं उठवायची. एकेका पितराचं नाव घ्यायचं, एक बोट टेकवायचं, थोडं पाणी सोडायचं. नाव घेतलं तो येतो आणि पाणी पितो.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला बायकोनं माझ्याकडची सगळी नावं घेतली आणि कोपऱ्यात तिच्या माहेरची घ्यायला लागली. माझी आई चुलीशी बसून म्हणाली, "तुझ्याकडचे कशाला येतील पाण्याला? त्यांना बाटली लागते."

बायको म्हणाली, "आत्याबाई, पाणी मिळालं नाही म्हणूनच बाटलीला लागले असतील."

आई पदरात तोंड घालून हसली आणि तेव्हापासून तो कोपरा बायकोचा झाला. एक बोट बापाचं. दुसरं त्या शिपायाचं. तिसरं शिपायाच्या बापाचं, आणि तिथं गाडी अडायची. त्याचं नाव तिला कोणी सांगितलंच नव्हतं. बोट कुंकवात बुडवून ती तशीच थांबायची आणि मग पुसून टाकायची. नाव न घेता बोट टेकवलं तर कोणीही परका येऊन पाणी पिऊन जातो, असं तिचं म्हणणं.

ती गेली ती इथल्या दवाखान्यात. तिथली एक नर्स सांगलीची होती, ती बिचारी येता-जाता मराठीत बोलायची, तेवढंच. शेवटी शेवटी बायको मला म्हणाली, "तेवढं तिसऱ्याचं नाव काढा. पुढच्या आखाजीला मीपण त्या घागरीवर येणार. माझ्या शेजारी कोण बसलाय ते मला कळायला नको?"

मी हो म्हटलं. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून मुलाला सांगितलं, शोध.

मुलगा आयटीत आहे. त्याला शोध म्हटलं की कॉम्प्युटर. त्यानं एक गट शोधून काढला, आयर्लंडचे पूर्वज शोधणाऱ्या लोकांचा. कॅनडातले, ऑस्ट्रेलियातले, इथले, सगळे रिकामटेकडे, एकमेकांचे मेलेले शोधून देतात. पैसे घेत नाहीत. थुंकीची नळीही त्यांनीच पाठवायला लावली, तिच्यावरून रक्ताचं नातं जुळतं का ते कळतं म्हणे. मला आधी वाटलं देवमाणसं आहेत. मग सून वाचून दाखवायला लागली. एका बाईला तिच्या पणजीची पोरं एकामागून एक तापानं मेल्याची नोंद सापडली, तर खाली लोकांनी टाळ्या आणि फुगे पाठवले होते. काय वा! शाब्बास! कोणाचा पूर्वज फासावर गेला की याला हेवा वाटतो, त्याला हेवा वाटतो. मला तर शिसारी आली. आपल्याकडे मयताला जाऊन आलेला माणूस आधी आंघोळ करतो, हे लोक मयतातच जेवायला बसतात.

त्यांनी शिपायाचं नाव विचारलं. ते बायकोला पाठ होतं, तीन शब्दांचं, बापानं लहानपणी म्हणून घेतलेलं. मग विचारलं, त्याच्या बापाचं नाव? मी आणि मुलगा एकदमच बोललो. मधलं. मधलं नाव बापाचं, त्यात विचारायचं काय? माझं रेशनकार्ड घ्या, रेल्वेचा पास घ्या, मुलाचा पासपोर्ट घ्या. आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव. मुलगा इथं डॉक्टरकडे जातो तर कधी कधी पुकारताना त्याच्याऐवजी माझंच नाव पुकारतात. मलाच नवल वाटलं की बायको इतकी वर्षं ते तिसऱ्याचं नाव तोंडानं म्हणत होती आणि आम्हां दोघांनाही ते दिसलं नाही. मुलानं तिकडे ठोकून लिहिलं की बापाचं नाव अमुक. मधल्या नावावरून काढलंय हे लिहिलं नाही, कारण ते काढलंय असं आम्हाला वाटतच नव्हतं.

आणि निघाला की तसा माणूस. तेच नाव, तेच आडनाव, त्याचा एक मुलगा पलटणीत जाऊन बेपत्ता. पिठाच्या गिरणीचा मालक, नदीकाठी दोन मजली दगडी घर. घराचा फोटोसुद्धा आला. सुनेनं तो फ्रिजवर लावला.

तिथून पुढे ज्या गोष्टी झाल्या त्या आठवल्या की तोंड कडू होतं. कोकणस्थ सासूबाई एका रात्रीत आयरिश झाल्या. मार्चमध्ये त्या लोकांचा सण असतो, तर सून हिरवी टोपी घालून बॉटनी डाउन्सच्या मॉलमध्ये मैत्रिणींबरोबर फोटो काढून आली. आमच्यात ते रक्त आहे, असं सगळ्यांना सांगत सुटली. हिच्यात कुठून आलं? ही पुण्याची, सदाशिव पेठेतली. मी विचारलं तर म्हणाली, "बाबा, मुलांमध्ये आहे ना, सेम थिंग." मुलानं तिकडे जायची तिकिटं बघायला सुरुवात केली. आई जिवंत होती तेव्हा तिला भुसावळला एकदा नेऊन आण म्हणालो होतो, तर सुट्टी मिळत नव्हती.

मग व्हिडिओ कॉल. गिरणीवाल्याची पणती, माझ्याच वयाची म्हातारी, मांडीवर कुत्रं. मला खुर्चीत मध्ये बसवलं, बायकोचा फोटो हातात धरायला लावला. म्हातारीनं फोटो पाहून विचारलं की शिपायाचं लग्न चर्चमध्ये झालं होतं ना. मुलगा हो म्हणाला. थोड्या वेळानं तिनं परत विचारलं. मग म्हणाली, बाई किती गोरी आहे हो. सून मला मराठीत सांगायला लागली की त्या आईंचं कौतुक करतायत. मी म्हटलं, कळलं, रक्त फार नासलं नाही असं म्हणतेय. "तसं नाही हो बाबा," सून म्हणाली. तसंच होतं.

तरी मी गप्प होतो. नाव मिळालं होतं ना. म्हातारी कशीही असो, उंबरठ्यावर एक बोट टेकलं म्हणजे माझं काम झालं.

आखाजी जवळ आली आणि इथल्याच पोरिरुआ गावाहून एका बाईचा फोन आला. ही त्या गटातलीच, कुठल्या तरी ऑफिसातून रिटायर झालेली, हिचेही आजे-पणजे आयर्लंडचे. सिगारेटनं आवाज फाटलेला, मागे मांजरं ओरडत होती. मुलगा कामावर होता म्हणून फोन मी घेतला. लोको शेडमध्ये शिकलो तेवढं इंग्रजी मला येतं. ती म्हणाली की थुंकी जुळत नाही. म्हातारीची आणि माझ्या मुलाची. इतक्या जवळच्या नात्यात थोडी तरी जुळायला पाहिजे. मुलाला तिनं दोनदा लिहिलं, तो म्हणाला पिढ्या लांबच्या असतील.

मग तिनं विचारलं, "तुम्हाला बापाचं नाव कोणी सांगितलं?"

मी तिला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. आपलं नाव, मग बापाचं, मग आडनाव.

ती खोकली, बराच वेळ खोकली. म्हणाली, "अहो, आमच्यात तसं नसतं. मधलं नाव कोणाचंही असतं. आजोबाचं, एखाद्या संताचं, आईच्या भावाचं. माझं मधलं नाव एका शेजारणीचं आहे."

 इतके महिने एका परक्या गिरणीवाल्याला आम्ही पाटावर बसवत होतो. मला माझी चीड आली, पण त्याहून जास्त त्या फ्रिजवरच्या घराची आली. फोटो काढून ओट्यावर पालथा ठेवला. संध्याकाळी सुनेनं परत लावला.

त्या बाईनं मग नव्यानं शोधलं आणि पंधरवड्यात परत फोन केला. मुलाची थुंकी कॅनडातल्या एका बाईशी जुळली होती. त्या बाईच्या खापरपणजोबाचं नाव म्हणजे आमच्या शिपायाचं मधलं नाव. तो शिपायाचा मामा. बाप्तिस्म्याला पोराला तोच घेऊन उभा राहिला म्हणून त्याचं नाव. आईचं नाव लिहिलेलं आहे. बापाच्या जागी रेघ. पोर वर्कहाऊसमध्ये जन्मलं होतं, म्हणजे ज्यांना कोणी नाही त्यांना कामाला जुंपून पेज पाजायचे ती जागा. आडनावही आईचंच.

"बापाचं नाव मिळणार नाही," ती म्हणाली. "मला वाईट वाटतं." या सगळ्या टोळीत वाईट वाटतं म्हणणारी ही पहिली.

जेवताना मी मुलाला आणि सुनेला हे सांगितलं.  मुलाला वाईट वाटलं असेल म्हणून मी थांबलो. तर तो म्हणाला, "बाबा, आता राहू द्या ना तसंच. ते लोक इतके चांगले वागले. आपण येतोय म्हणून कळवलंय त्यांना."

सून म्हणाली, "आणि लोकांना काय सांगायचं? वर्कहाऊस? बाप नाही?"

मी म्हटलं, "घागरीवर कोणाचं नाव घेणार आहेस तू?"

मुलगा म्हणाला, "गिरणीवाल्याचं घेऊ. आईला काय कळणार आहे?"

मी ताटावरून उठलो. आजपर्यंत अन्नावरून उठलो नव्हतो, आमच्यात उठत नाहीत.  त्याला एवढंच म्हटलं, "आईच्या शेजारी परका बसवतोस? लाव त्या म्हातारीला फोन."

तो लावेना. रविवारी मी त्याच्यासमोर फोन घेऊन बसलो, तेव्हा लावून दिला आणि बाजूच्या खोलीत निघून गेला. म्हातारी आली, कुत्रं आलं. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. चूक झाली. तुमचा आमचा संबंध नाही. आमचा माणूस वर्कहाऊसचा, बाप माहीत नाही. म्हातारी अरेरे म्हणाली, दोन-तीनदा म्हणाली. पण तोंड मला दिसत होतं. दुखणारा दात पडला की माणसाचं तोंड होतं, तसं झालं होतं. मग तिनं हवा कशी आहे विचारलं. मी फोन बंद केला.

आखाजीला इकडे थंडी सुरू झालेली असते. मातीची घागर आम्ही राहतो त्या टाकानिनीत मिळत नाही. सुनेनं झाडांच्या दुकानातून फुलझाडाची कुंडी आणली, तिला खाली भोक. मी कणकेचा बोळा करून बसवला. खरबूज मिळालं, सांजोऱ्या मीच केल्या, गूळ जास्त झाला आणि दोन फुटल्या. उंबरठा म्हणजे सरकत्या काचेच्या दाराची ॲल्युमिनियमची पट्टी. कुंकू तिच्यावर नीट धरत नाही, ओघळतं.

मुलगा बसला. माझ्याकडची नावं घेतली. मग आईचं घेतलं, तिथं त्याचा आवाज गेला, ते एक बरं वाटलं. मग कोपऱ्यात तिच्या बापाचं, मग शिपायाचं. मग बोट कुंकवात धरून तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्या बाईचं नाव सांगितलं, शिपायाच्या आईचं. पोरिरुआवालीकडून फोनवर चार वेळा म्हणून घेतलं होतं, तरी जीभ अडखळली.

"बापाच्या जागी बाईचं चालतं का?" मुलानं विचारलं.

मी म्हटलं, "मला विचारू नकोस. घागर तुझ्या आईची आहे. या बाईला आत घ्यायची की बाहेर ठेवायची, तू बघ."

त्यानं बोट पुन्हा कुंकवात बुडवलं. मग नाव घेतलं, नीट घेतलं, माझ्यापेक्षा चांगलं, आणि बोट टेकवलं. पाणी सोडलं.

सुनेनं मोबाइल काढला आणि विचारलं, फोटो टाकू का. मी म्हटलं, टाक, खाली वर्कहाऊस लिही. तिनं मोबाइल खिशात ठेवला.

दोघं जेवायला आत गेले. कणकेचा बोळा भिजून सुटायला लागला होता आणि कुंडीखालून पाणी पट्टीवर येत होतं. मी खाली बसलो आणि भोकाला हात लावून धरलं. बायकोनं अजून प्यायलं नसेल म्हणून.