शेवंता टेकामविषयी मी लिहिलेलं एक खरं वाक्य

शेवंता टेकाम आज सकाळी गेली. तिला संशोधक होता आलं नाही, याचं एक कारण मी आहे.

हे विधान भावनेच्या भरात केलेलं नाही. पुरावा माझ्याच सहीचा आहे.

यवतमाळच्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्राची विभागप्रमुख होते. शेवंता माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. राळेगाव तालुक्यातल्या एका पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, ती आली होती. विषय होता विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यातलं फ्लोराइड.

एकदा नेर तालुक्यातल्या एका गावात आम्ही नमुने घ्यायला गेलो. सोबत वर्गात पहिला येणारा मुलगा होता, शहरातल्या एका वकिलांचा. हातपंपावर पाणी भरणाऱ्या बाईंना त्याने विचारलं, "आपला पेयजलाचा मुख्य स्रोत कोणता?"

बाई म्हणाल्या, "फारम त भरला ना साहेब, मांगच्याच महिन्यात."

शेवंता पुढे झाली. "मावशे, प्याचं पानी कोठून आनता व?"

"ह्याच लाल बोअरचं. विहीर आटली, त काय करू?"

हातपंपाला लाल रंग म्हणजे पाणी पिण्यास अयोग्य. कागदोपत्री तो हातपंप वापरात नव्हता. सगळं गाव त्याचंच पाणी पीत होतं.

शेवंताचा प्रबंध त्या एका उत्तरावर उभा राहिला.

त्याच वर्षी तिने आणि त्या मुलाने एका मोठ्या संस्थेत पीएच.डी.साठी अर्ज केले. दोघांचीही शिफारसपत्रं मीच लिहिली.

शिफारसपत्रात बहुतेक जण अतिशयोक्ती करतात. मी करत नसे. विभागात एकटी बाई म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्या प्रत्येक शब्दातली चूक शोधली जाई. काटेकोरपणा हा माझा बचाव होता. पुढे तो मला न्यायच वाटू लागला.

शेवंताच्या पत्रात तीन परिच्छेद तिच्या कामाविषयी होते. शेवटी एक वाक्य होतं: इंग्रजीत बोलताना ती अडखळते.

ते खरं होतं.

त्या मुलाची निवड झाली. शेवंताची झाली नाही.

ती राळेगावकडे तासिका तत्त्वावर शिकवू लागली. अखेरपर्यंत तासिका तत्त्वावरच राहिली. दर संक्रांतीला माझ्या घरी यायची. येताना एखाद्या विद्यार्थिनीचा प्रवेश अर्ज हमखास पिशवीत असायचा. "मॅडम, एक नजर टाका, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

त्या पत्राविषयी एक शब्दही कधी काढला नाही.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात तिला भेटले. किडन्या थकल्या होत्या. जीभ थकली नव्हती.

"मॅडम, नाझियासाठी पत्र लिहून द्या." नाझिया बोरी अरब गावची. शेवंतानेच तिला दोन उन्हाळे माझ्याकडे शिकायला पाठवलं होतं. आता तिचा पीएच.डी.चा अर्ज होता. "माझी सही चालत नाही. तासिकावालीची कोन वाचते?"

"लिहिते."

"आन् या बारीनं इंग्रजीचं नका लिहू."

"तू ते पत्र कुठे पाहिलंस?"

"मुलाखतीत त्यायनं वाचूनच दाखवलं ना. म्हने, हे तुमच्याच मॅडम म्हनतात. सारे हासले. मंग जे येत होतं, तेही तोंडातून निघालं नाही."

"इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"कायले सांगू? खोटं थोडीच होतं."

महाविद्यालयाचं वादविवाद मंडळ मी अनेक वर्षं चालवलं. विधान सत्य असलं म्हणजे ते न्याय्य ठरत नाही, हे दर वर्षी पहिल्याच दिवशी शिकवत असे.

त्या मुलाच्या पत्रात मी असं लिहिलं नव्हतं की गावातल्या बाईशी बोलताना तो अडखळतो. तेही खरंच होतं. पाण्याचा अभ्यास करणाऱ्यासाठी तर ती अधिक गंभीर उणीव होती. पण ती मला उणीव वाटलीच नाही. कुणाचं अडखळणं नोंदवायचं, हे माझ्या मनात आधीच ठरलेलं होतं. ते ठरलेलं आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

मी कुणालाही अडवलं नाही, असं मी निवृत्तीच्या भाषणात म्हटलं होतं. शेवंता समोरच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

दवाखान्यातून मी निघाले तेव्हा ती म्हणाली, "पाठवाच्या आंधी मले दाखवजा. तुमचा भरोसा नाही." आणि हसली.

पत्र दोन दिवसांत लिहून झालं. मग मी ते तपासत बसले. "अतिशय चांगली" की "उत्कृष्ट", एवढ्या एका विशेषणापायी चार दिवस घालवले. आज दुपारी दाखवायला जायचं ठरवलं होतं.

सकाळी तिच्या भावाचा फोन आला.

पत्र पाठवलं आहे. "उत्कृष्ट" ठेवलं. इंग्रजीचा उल्लेख नाही. चार दिवसांपूर्वीही ते इतकंच बरोबर होतं.

उद्या सकाळी पोडावर तिची माती आहे. मी जाणार आहे.

शेवंता, मोठ्या शब्दांत श्रद्धांजली वाहण्याचा अधिकार मला नाही. नमस्कार तेवढा घे.