पांढऱ्या पट्ट्याचा युरोप दिग्विजय

युरोपात मला आजवर कोणीही हरवू शकलेलं नाही. माद्रिद, लिस्बन, पॅरिस, तिन्ही शहरांत मी अजिंक्य आहे. रत्नागिरीत मात्र मला कोणीही हरवतं.

खेळाचं नाव ब्राझिलियन जिउ-जित्सू. (आमच्या पतपेढीतल्या शिपायाला हे नाव सांगितलं तेव्हा तो हळहळून म्हणाला, "साहेब, औषध चालू हाय ना?") जाड सुती झगा घालायचा, कमरेला पट्टा बांधायचा (उस्तादाचा काळा, नवशिक्याचा म्हणजे माझा पांढरा) आणि मॅटवर एकमेकांना लोळवून आवळायचं. ज्याला सोसत नाही त्याने समोरच्याला दोनदा थोपटायचं, की हरलो बाबा, सोड! आमचे कांबळे सर जयगडचे. वयाने माझ्या मुलापेक्षा लहान. दिवसा बंदरात नोकरी करतात आणि संध्याकाळी आमची हाडं खिळखिळी करतात. पन्नाशी उलटल्यावर मी त्यांच्या क्लासला लागलो आणि दीड वर्षात सगळ्यांना थोपटून झालं. मला मात्र कोणी एकदाही थोपटलं नव्हतं.

मला डाव येतो एकच. खाली पडायचं (हे आपोआप जमतं), वरच्याचं डोकं दोन्ही हातांनी कवटाळून आपल्या छातीशी घट्ट दाबायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. सर तेवढ्यात माझी कॉलर ओढून सुटतात. ओढून ओढून त्या कॉलरची शिवणही उसवली होती.

"माणसं या वयात आरे-वारेच्या किनाऱ्यावर चालायला जातात," माझी बायको वर्षा म्हणायची. "तुम्ही परक्या पोरांच्या गळ्यात पडता!"

अशात पॅरिसच्या मेहुणीचं, नीताचं, बोलावणं आलं. वाटेत माद्रिद आणि लिस्बन बघायचं ठरलं. सर म्हणाले, "काका, झगा घेऊन जावा. तिकडं कुठल्याबी जिममदे पाहुणा म्हणून खेळाय देतात. घाबरताव कशाला?"

वर्षाने झगा हातात घेतला, खालीवर न्याहाळला आणि जाहीर केलं, "न्या. पण तिकडे एक तरी कुस्ती जिंका. नायतर परत आल्यावर ह्याची पायपुसणी शिवीन. कापड चांगलं जाड आहे!"

ही नुसती धमकी नव्हती. माझ्या बॅडमिंटनच्या टी-शर्टाने आम्ही आजही ओटा पुसतो. मी मनातून हादरलो. दिवसभर पतपेढीत मान मोडून घेतल्यावर संध्याकाळची ती लोळण हेच माझं सुख होतं.

नीताने सोडे मागवले होते. सोललेल्या कोळंब्या उन्हात खडखडीत वाळवल्या की झाले सोडे. कोकणी माणूस त्यांच्यासाठी परदेशातही झुरतो. "बॅगेत मोडतील हो," म्हणत वर्षाने त्यांची पुडी कशात गुंडाळली असेल? झग्यात! तिच्या मते घरात एवढं मऊ आणि एवढं निरुपयोगी दुसरं काही नव्हतं.

माद्रिदच्या विमानतळावर अधिकाऱ्याने आमची बॅग उघडली, आणि लगेच मिटली. "बघ, किती विश्वास!" मी म्हणालो.

पुडी बाजूला ठेवून मी झगा झटकला आणि संध्याकाळी जिममध्ये हजर झालो. समोर आला दाढीवाला, दंडभर गोंदलेला, आमच्या दाराएवढा रुंद गडी. पहिल्याच झटक्यात मी ठरल्याप्रमाणे खाली पडलो. ठरल्याप्रमाणे त्याचं डोकं छातीशी दाबलं. आणि काय सांगू! त्याने एक खोल श्वास घेतला आणि मला थोपटलं. दोनदा नाही, धडाधड, दार वाजवावं तसं!

मी अजून आवळायलाही सुरुवात केली नव्हती.

"जिंकलात?" बाकावरून वर्षा ओरडली.

"असं दिसतंय!" मी खालूनच ओरडलो. आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्याही आलं होतं, पण कारण मला तेव्हा कळलं नाही.

दुसरा आला, थोपटून गेला. तिसऱ्याने तर डोकं दाबायच्या आधीच थोपटलं. तिथल्या प्रशिक्षकाने दुरूनच विचारलं, हा डाव कुठला? मी छाती काढून म्हणालो, "रत्नागिरी!" तो दोन पावलं मागे सरकला. (आदर, दुसरं काय!)

हॉटेलात वर्षा म्हणाली, "घामाने भिजलाय. धुऊन टाकते."

"खबरदार!" मी झगा उराशी धरला. "जिंकलेलं कापड धुवायचं नसतं. यश वाहून जातं." आणि ओला झगा घडी करून पुन्हा बॅगेत ठेवला, सोड्यांच्या सोबतीला. सोड्यांचं एक असतं, सुके असताना ते गप्प असतात. ओलावा लागला की बोलायला लागतात. पण मिरकरवाड्याच्या मासळीच्या जेट्टीजवळ वाढलेल्या माणसाला त्यात वेगळं काय जाणवणार? आमच्या आख्ख्या बालपणाला तोच वास आहे.

लिस्बनमध्ये माझी कीर्ती आधीच पोचली असावी, कारण माझ्याशी खेळायला कोणी पुढेच येईना. जो आला तो श्वास रोखून आला आणि श्वास संपल्यावर थोपटून गेला. भर थंडीत त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या. वर्षाने सगळं मोबाइलवर टिपून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. चिपळूणच्या मामांनी उत्तर धाडलं, "घराण्याचं नाव काढलंस!"

पॅरिसला कहर झाला. मी कपडे बदलून मॅटवर पाय ठेवतो तोच तिथल्या प्रशिक्षिकेने, एका हसऱ्या बाईने, कोराकरकरीत नवा झगा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"अगो बाई, सत्कार करतायत तुमचा!" वर्षा गहिवरली.

मी वाकून नमस्कार केला, नवा झगा आदराने वर्षाकडे दिला आणि जुन्यातच खेळायला उतरलो. त्या बाईंचा चेहरा पडला. मला वाटलं, माझा साधेपणा पाहून त्यांना भरून आलंय. त्या दिवशी चार जण हरले. पाचवा पाणी पिऊन येतो म्हणाला, तो अजून पाणी पितोय.

नीताच्या घरी पुडी उघडली तर ती फाटलेली आणि सोडे निम्मेच. "मेलीन कमी दिलंन हो!" वर्षाने मासळीवालीचा उद्धार केला. मी मध्ये पडलो नाही. विजेत्याने अशा क्षुल्लक गोष्टींत लक्ष घालायचं नसतं.

रत्नागिरीला परतल्याच्या संध्याकाळी मी क्लासला गेलो. चाललो म्हणण्यापेक्षा मिरवलो. वर्षाही आली होती, मोबाइल सज्ज ठेवून. "सर, या!" मी म्हणालो. पडलो. डोकं छातीशी दाबलं आणि थोपटण्याची वाट बघू लागलो.

सरांनी एक खोल श्वास घेतला. मग दुसरा. मग चक्क तिसरा, डोळे मिटून!

"काका, काय झक्कास वास येतोय वो! भूकच लागली."

आणि कॉलर ओढून त्यांनी मला असं आवळलं, की मी त्यांना दोन्ही हातांनी थोपटलं. कॉलर सोडताना सरांची बोटं उसवलेल्या शिवणीत अडकली. बाहेर आला एक सोडा. मग दुसरा. मग अख्खी मूठ!

माद्रिदच्या गड्याच्या डोळ्यांतलं पाणी, लिस्बनच्या खिडक्या, पॅरिसचा 'सत्कार', सगळं एका झटक्यात माझ्या डोक्यात उतरलं. मग आधी वर्षा हसायला लागली, मग सर, आणि मग सगळा क्लास लोळला. त्या दिवशी मी एका दमात सगळ्यांना लोळवलं असं म्हणायला हरकत नाही.

हसू ओसरल्यावर वर्षाने डोळे पुसले आणि कात्रीची खूण केली. "म्हणजे कुस्त्या सोड्यांनी जिंकल्या, तुम्ही नाय. शिवू का पायपुसणी?"

मी सरांकडे पाहिलं.

"नाय वो काकी," सर एकदम गंभीर झाले. "समोरच्यानं थोपटलं की आपण जिंकलो, हाच नियम. कशापाय थोपटलं, ते कोण इचारत नाय!"

झगा वाचला. मी अजूनही रोज क्लासला जातो आणि रोज नियमाने हरतो. पुढच्या दिवाळीत नीताने पुन्हा बोलावलंय आणि या खेपेला पॅरिसात थेट काळ्या पट्ट्याच्या उस्तादांशी दोन हात करायचा माझा विचार आहे. सराव म्हणाल तर जोरात चालू आहे. कालच गच्चीवर बोंबील वाळत घातलेत.