अंगठ्यापाशी झिजलेला बूट

विजय नगरच्या चौकात बसणाऱ्या त्या मोच्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मंडला जिल्ह्याकडून येऊन होस्टेलात राहणाऱ्या, हॉकी खेळणाऱ्या आदिवासी पोरींचे बूट तोच शिवायचा. बूट हातात आला की आधी उलटा करायचा, झिजलेल्या तळावर अंगठा फिरवायचा आणि मगच आरी उचलायचा.

त्या संध्याकाळी बँकेतून येताना मी माझे उसवलेले बूट शिवायला द्यायला थांबलो. त्याच्या मोबाइलवर बायकांची हॉकी मॅच चालू होती. एका सावळ्या, दणकट आदिवासी खेळाडूबद्दल समालोचक खिदळत म्हणाला, "इसको तो सीधा जंगल से पकड़ लाए हैं। लड़की ही है ना, किसी ने जाँचा?"

भोवतालचे सगळे हसले. मीही हसलो.

मोच्याने मोबाइल बंद केला.

"अरे भैया, मज़ाक था, लगाओ ना!" कोणीतरी म्हणालं. त्याने माझा बूट उलटा केला आणि तळावर अंगठा फिरवला.

दुसऱ्या दिवशी देशभर बोंब झाली, तेव्हा समालोचकाने माफी मागितली. म्हणे, कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर! असतील तर? काहून रे, तुला अजून शंकाच आहे? बूट घ्यायला गेलो तेव्हा मी तणतणत ती माफी मोच्याला वाचून दाखवली.

त्याने अंगठ्यापाशी पार झिजलेला एक छोटा बूट माझ्या हातात ठेवला.

"ये लेने लड़की अभी आएगी. कल तो आप भी हँसे थे, साहब. उसको पढ़कर सुनाओ."

ती यायच्या आत मी निघालो. माझे बूट तिथेच राहिले.