पुढे ढकललेलं उष्टावण

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर मला मुलगी झाली, तीही दिवस भरण्याआधी दीड महिना. माझं माहेर पेणला रामवाडीत, म्हणून तिथल्याच दवाखान्यात बाळंत झाले. पोर पावणेदोन किलोची. पहिले तीन आठवडे ती काचेच्या पेटीत होती आणि मी बाहेर बाकावर बसून भिंतीकडे बघत होते. लहानपणापासून रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावणारी मी, पण त्या तीन आठवड्यांत माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं नाही. खरं सांगायचं तर मी रुसले होते. नऊ वर्षं वाट बघायला लावून त्यानं इतकं अर्धंमुर्धं का द्यावं, असं मनात येई.

माझ्या वाटची श्रद्धा तेव्हा सासूबाईंनी सांभाळली. त्या रोह्याच्या. आमचं घरही तिथंच, आणि कोलाडच्या बाजूला थोडी भाताची न् वालाची शेती. त्यांनी ग्रामदैवत धावीरमहाराजांपुढे पदर पसरून नवस केला होता, की पोर जगली तर सातवा महिना लागताच तिचा पहिला घास तुझ्या दारात. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करायचं, म्हणून सातवा. पोर जगली. दूध ओढायला लागली, हळूहळू बाळसं धरलं. रोह्याला आणली तेव्हा सासूबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्या दिवसापासून त्या महिने मोजू लागल्या.

सातवा लागायला आठवडा उरला तेव्हा मी तिला पेणला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिला हाताला धरून बसतं करून पाहिलं, तर तिची मान मागे कलंडली. त्या म्हणाल्या, "ही दीड महिना आधी आली आहे. तुम्ही सहा महिने मोजता, पण तिच्या अंगाच्या हिशोबानं साडेचारच झालेत. वजन छान वाढतंय, दूध पुरतंय. कॅलेंडरकडे बघू नका, बाळाकडे बघा. महिन्यानं पुन्हा आणा." मला ते पटलं होतं. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षिका, वर्गातल्या चाळीस पोरांना ठणकावून सांगणारी. पण घरी येऊन सासूबाईंना हे सांगायला माझी जीभ रेटेना. ज्या नवसावर पोर जगली असं त्या मानत होत्या, तो मोडा असं कुठल्या तोंडानं सांगू? यजमान म्हणाले, "एक चमचा तर चाटवायचाय. तेवढ्यानं काय होतंय?" मीही मनाची तशीच समजूत घातली.

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही देवळात गेलो. उष्टावणाचा मान मामाचा, म्हणून माझा भाऊ पेणहून पहिल्या एसटीनं आला होता. देवाला खिरीचा नैवेद्य दाखवला. भाऊ सभामंडपात मांडी घालून बसला, पोर त्याच्या मांडीवर आडवी. त्यानं चांदीच्या चमच्यानं खीर तिच्या ओठांना लावली. तिनं जीभ बाहेर काढून सगळी खीर हनुवटीवर लोटून दिली. सगळे हसले. दुसऱ्यांदाही तेच झालं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अरे, जरा आत घाल. पोटात गेली नाय तर नवस फिटायचा कसा?" भावानं चमचा आत नेला. पोरीला ठसका लागला. तिची मान मागे पडली, चेहरा लालबुंद झाला, आणि क्षणभर तिचा आवाजच येईना. भाऊ गोठल्यासारखा बसून राहिला.

दर्शनाला आलेली एक बाई आमच्या मागेच उभी होती. साठीच्या पुढची, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं. खाडीकडच्या गावातली असावी असं बोलण्यावरून वाटलं. तिनं कुणाला न विचारता पोर उचलली, हातावर पुढे झुकती धरली आणि आपल्या पदरानं ओठांवरची खीर पुसली. पोर दोनदा जोरात खोकली, खीर बाहेर आली, आणि मग तिनं जे भोकाड पसरलं ते ऐकून माझ्या जिवात जीव आला.

ती बाई सासूबाईंकडे वळली. आवाज चढवलेला नव्हता. "बाय, हिची जीभ अजून दारावर राखणीला हाय गो. बाहेरचं काय आत येऊ देत नाय. देवानंच बसवलीय तिला तिथं. आपण कशाला ढकलायचं?"

"पण नवस हाय आमचा," सासूबाई म्हणाल्या.

"व्हय, असंल. पण देवानं पोर दिली ती जेवायला, का नवस फेडायला?" मग ती मला म्हणाली, "मान धरू दे. टेकू दिला की बसू दे. तू जेवतीस तवा तुझ्या घासाकडं बघंल, हात घालंल ताटात. चमचा लावला तर जीभ आत घेईल. तवा भरव. माझ्या पहिल्या पोरीला मी घाईनं भरवलं होतं गो. तिच्या मागून पाच झाली, पण ती नाय वाचली." एवढं बोलून तिनं पोर माझ्या हातात दिली, देवाला हात जोडले आणि निघून गेली. तिचं नाव विचारायचंही आम्हाला सुचलं नाही.

सासूबाईंनी गाभाऱ्याकडे बघून हात जोडले. मला वाटलं, आता शब्द ऐकावे लागणार. पण त्यांनी खिरीची वाटी उचलली आणि माझ्यापुढे धरली. "तू खा गो. तुझ्यातूनच जातंय तिला सगळं. देवाला मी सांगितलंय, थोडं थांब म्हणून." मी देवळात बसून रडत रडत ती खीर खाल्ली. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मी त्यांना तिथंच सांगितलं. "मग आधी का नाय बोललीस?" एवढंच त्या म्हणाल्या. देवावर रुसणारी मी, माणसांवर विश्वास ठेवायलाही विसरले होते.

पुढचे सात आठवडे आम्ही दोघी फक्त पोरीकडे बघत होतो. शेजारपाजारचे म्हणत, नुसत्या दुधावर काय ठेवलीय, अमक्याची तर भात खाते. मी हसून सोडून देई. पूर्वी अशा बोलण्यानं माझी झोप उडाली असती, आता उडाली नाही. महिन्यानं डॉक्टरीणबाईंना दाखवलं, त्यांनी अजून थोडं थांबायला सांगितलं. एक दिवस पोर उशीला टेकून बसली आणि मान ताठ ठेवून खिडकीतला कावळा बघत राहिली. मग काही दिवसांनी दुपारी सासूबाई वालाची उसळ आणि भात जेवत होत्या, पोर त्यांच्या मांडीवर. ताटातून तोंडापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक घासाबरोबर तिचे डोळे वर जात, खाली येत. एकदा तर तिनं आजीचं मनगटच धरलं आणि तोंड उघडलं. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली, "ये गो, बघ, मागत्येय!"

मी नाचणीचं सत्त्व पातळ शिजवलं, मीठ-साखर काही न घालता. चमच्याच्या टोकावर घेऊन तिच्या ओठांशी धरलं. तिनं आपणहून पुढे होऊन ते आत घेतलं, तोंड वाकडं केलं, गिळलं, आणि पुन्हा तोंड उघडलं. आठवा महिना चालू होता, सम महिना. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "बघतीस काय, भरव. धावीराला महिने मोजता येत असतील, पण तो मोजत बसत नाय." दुसऱ्या दिवशी आम्ही तिला देवळात नेलं, भाऊ पुन्हा आला, आणि देवाच्या दारात तिनं तीन चमचे मऊ पेज खाल्ली.

मी यातला चमत्कार कुणाला पटवून देत नाही. ती बाई त्या दिवशी दर्शनाला आली होती, एवढंच मी जाणते. पण माझ्यापुरतं मला कळलं की शरण जाणं म्हणजे डोळे मिटणं नव्हे. ज्यानं जीव दिला त्यानं त्याची वेळही त्याच्या अंगातच लिहून ठेवलेली असते. आपण नीट बघायचं आणि ती आली की ओळखायची.

पोर दोन वर्षांची झाली तेव्हा रोह्याच्या बाजारात ती बाई मला दिसली. सुकी मासळी विकत बसली होती. मी तिच्या पाया पडले, सगळं सांगितलं. ती गोंधळून हसली. "मी बोलली असं? नाय आठवत गो. किती पोरं हातांत घेतली, कुठलं कुठलं ध्यानात ठेवू?" मग माझ्या कडेवरच्या मुलीकडे बघून तिनं विचारलं, "जेवते ना बरी?"

"जेवते," मी म्हटलं. आणि पोर तिच्या हातांत दिली.