अक्कांना ‘नाही’ म्हणताना

अक्कांना ‘नाही’ म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. त्या माझ्या थोरल्या नणंद, जळगावच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. लग्नात पंगती कधी बसवायच्या, पुतणीने कोणत्या शाखेला जायचं, सगळं त्याच ठरवत आणि वर म्हणत, “मी सांगते ना.”

यजमान गेल्यावर जळगावातल्याच पिंप्राळ्याच्या घरात त्या एकट्या राहत. तेव्हापासून त्यांना डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या. हे माझ्या नवऱ्याला आणि मलाच माहीत होतं. मग स्कूटर घसरून मणक्याला मार बसला, ऑपरेशन झालं आणि तिथल्या डॉक्टरांनी दुखण्याच्या जोरदार गोळ्या लिहून दिल्या. आधीच्या गोळ्यांबद्दल अक्का त्यांच्याशी बोलल्याच नाहीत. पाठ बरीच सुधारली, गोळ्या काही सुटल्या नाहीत. “घेतली की जरा माणसात येते गं,” असं त्या एकदा फोनवर म्हणाल्या होत्या. मला वाटलं, चहाबद्दल बोलताहेत.

पारोळ्याला पुतणीच्या साखरपुड्यात अक्का उभ्याउभ्या कोसळल्या. हातपाय ताठ, दातखीळ, तोंडाला फेस. तिथून त्यांना आम्ही धुळ्याला, आमच्याकडे आणलं. इथले मनोविकारतज्ज्ञ पुन्हा पुन्हा विचारत होते, आणखी काही घेता का? अक्का नाही म्हणत राहिल्या. शेवटी त्यांनी स्वतःच पर्स टेबलावर पालथी केली. कधी पिंप्राळ्यातून, कधी पार बोदवडला जाऊन आणलेल्या गोळ्यांचा ढीग पडला. दोन्ही औषधं एकत्र गेल्यानेच झटका आला असावा, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण एकदम काहीच थांबवायचं नव्हतं. दुखण्याची गोळी हळूहळू कमी करायची, डिप्रेशनचं औषध बदलून चालू ठेवायचं. गोळ्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली.

गोळी कमी होऊ लागली. अक्कांना घाम फुटायचा, नाक वाहायचं, पाय एका जागी ठरत नसत. आधी त्या हुकूम सोडत, मग मला वाटेल ते बोलत. एका दुपारी कपाटापाशी त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. थोरल्या नणंदेने, भावजयीच्या. माझ्याशी कायम शाळेतलं मराठी बोलणाऱ्या अक्का माहेरच्या, पारोळ्याच्या बोलीत म्हणाल्या, “माले मरानं नही शे. पन असं जगनं बी व्हत नही. एक दे.”

मी खाली बसले, त्यांना धरलं आणि म्हणाले, “नाही, अक्का.” त्यांची नखं माझ्या दंडात रुतली. मग त्या माझ्या कुशीत हंबरडा फोडून रडल्या.

मधेच एकदा भाजी आणायला म्हणून गेल्या आणि गोळ्या खाऊन आल्या. डॉक्टर रागावले नाहीत, पुन्हा सुरुवात करू म्हणाले. परतताना रिक्षात अक्का पुटपुटल्या, “रागावले असते तर बरं झालं असतं.”

खूप लांबलं, पण ती गोळी सुटली. पाठ अजून दुखते, डिप्रेशनचं औषध अजून चालू आहे. अक्का पुन्हा जळगावला राहतात. मागे त्यांची दाढ काढायची होती, मी सोबत गेले होते. दवाखाना माणसांनी भरलेला, त्यात दोन त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी. काउंटरवरच्या मुलीने काही औषधं चालू आहेत का विचारलं. अक्कांनी माझा हात घट्ट धरला आणि वर्गात बोलावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “डिप्रेशनची गोळी चालू आहे. आणि दुखण्याच्या गोळ्यांचं मला व्यसन होतं. डॉक्टरांना आधी सांग, मग मला आत घे.”

सगळ्या माना वळल्या. अक्का समोर बघत उभ्या होत्या. माझा हात मात्र त्यांनी सोडला नव्हता.