कुठे आवडलं?

साळवेकाकांसमोर नुसतं ‘छान आहे’ म्हणायची सोय नव्हती. पुस्तक असो, सिनेमा असो की रेडिओवरचं गाणं, कुणी छान म्हटलं की काका चष्मा कपाळावर ढकलत आणि विचारत, “कुठे?” आता याला काय उत्तर द्यायचं! “सगळंच छान आहे,” म्हणावं तर ते म्हणत, “सगळं म्हणजे कुठेच नाही. नीट आठव यार, मला घाई नाहीये.” आणि खरंच घाई नसे. चहा गार होई, काकू आतून दोनदा हाक मारत, पण काका समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसून राहत.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. नोकरी कुठल्याशा मंत्रालयात, दिवसभर फायलींची. दिवाळीत आमच्याकडून फराळ घेऊन खाली गेलेलं ताट नाताळात करंज्या भरून वर यायचं. काकांच्या ‘कुठे’मधून कुणीच सुटत नसे. गाडीवर ट्रान्झिस्टर लावून हिंडणाऱ्या भाजीवाल्यालाही ते विचारत, “भैया, गाना अच्छा है? कहाँ पे?” त्याने एकदा मनावर घेऊन अख्खं कडवं गाऊन दाखवलं. काका खूश होऊन परत आले ते कोथिंबीर न घेताच.

पुस्तक द्यायची त्यांची रीतही न्यारी होती. “सुरुवात कंटाळवाणी आहे, ती सोस. पुढे दोन जावा रांजणावरून भांडतात, तिथवर जा आणि मला येऊन सांग.” मी दिल्लीत जन्मलेली, रांजण कधी पाहिला नव्हता. काकांनी दोन्ही हातांनी हवेत त्याचं पोट काढून दाखवलं. मग म्हणाले, “अब बोल, भांडण कुणाचं खरं?” स्वतःचं मत मात्र ते आधी कधी सांगत नसत. माझं सगळं बोलून झालं की हळूच एखादं वाक्य टाकत, आणि मला ते पुस्तक पहिल्यापासून वाचावंसं वाटे.

म्हणूनच दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाचे सिनेमे निवडायचं काम काकांकडे होतं. पहाडगंजजवळच्या एका टॉकीजमध्ये रविवारी सकाळी मराठी सिनेमा लागायचा, तोही दोन-चार महिन्यांतून एकदा. मुंबईहून पत्र्याच्या डब्यांतून रिळं रेल्वेने यायची. खेळ संपल्यावर काका पायऱ्यांवर उभे राहत आणि दिल्लीतली अर्धी मराठी माणसं त्यांच्याभोवती कोंडाळं करत. काकांनी बरं म्हटलेल्या सिनेमाला सोमवारी ऑफिसात बरं म्हणायला हरकत नसे. हा मान काकांना फार आवडायचा. ते तसं दाखवत नसत, पण रविवारचा सदरा काकूंना दोनदा इस्त्री करावा लागे.

त्या रविवारचा सिनेमा बाप आणि मुलीचा होता. शेवटाकडे म्हातारा बाप मरतो. हॉलमध्ये नाकं पुसायला सुरुवात झाली, आणि पुढच्याच क्षणी बाप पडद्यावर जिवंत! मुलीला बाजारात घेऊन चाललाय, बांगड्यांच्या दुकानासमोर उभा राहून तिची चेष्टा करतोय, उसाचा रस पितोय. कुणी चकार शब्द काढला नाही. मग बाजार संपला आणि मुलीने रिकाम्या घराला कुलूप लावलं. तेव्हा मात्र हुंदके आवरेनात. काका तर ओक्साबोक्शी रडत होते.

पायऱ्यांवर मंडळाचे सेक्रेटरी जोगळेकर म्हणाले, “काय काका, आज तुम्हीच सांगा. कुठे?”

“बाजारात,” काकांनी डोळे पुसत सांगितलं. “बाप गेल्यावर बाजारात भेटतो ना, तिथे. माणूस गेला की असाच आठवतो. दिग्दर्शकाची हिंमत बघा, यार!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. नेमकी त्याच वेळी, पुण्याहून आमच्याकडे आलेली माझी विमलमावशी मोठ्यांदा म्हणाली, “अहो, कसली हिंमत? मी पुण्यात पाहिलाय हा. बाजार आधी आहे आणि बाप नंतर मरतो. तुमच्याकडे काहीतरी उलटं लावलंय.”

चौकशी झाली. गाडी उशिरा आली होती, डब्यांवरच्या नंबरांच्या चिठ्ठ्या प्रवासात निघून पडल्या होत्या, आणि जोगळेकरांनी घाईत अंदाजाने डबे लावून ऑपरेटरला “चलाओ जी” म्हणून सांगितलं होतं. खरी गंमत पुढेच आहे. भरलेल्या हॉलमध्ये शंका जवळजवळ प्रत्येकाला आली होती. पण दिल्लीत राहून आपलंच मराठी कच्चं झालं असेल, मधलं एखादं वाक्य निसटलं असेल, अशी जो तो स्वतःची समजूत घालून गप्प बसला होता! आता सगळे एकदम हसायला लागले, आणि सगळ्यात मोठ्याने जोगळेकर. डब्यांचा विषय बाजूला पडला आणि काकांची ती ‘दिग्दर्शकाची हिंमत’च सगळ्यांच्या तोंडी झाली. काका हसले नाहीत. त्यांचा चेहरा एवढासा झालेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि मला जोगळेकरांचा भयंकर राग आला.

काका गेल्या हिवाळ्यात वारले, गाझियाबादला, मुलीच्या घरी. प्रार्थनेला आम्ही जुने शेजारी जमलो होतो. बाहेर उन्हात उभं राहून लोक पुन्हा त्याच सिनेमावर बोलू लागले, आणि एक जण नव्या मंडळींना सांगत होता की साळवेंनी आपली चूक कधी मानलीच नाही. ते ऐकून मला राहवेना. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी काय झालं ते त्याला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कसलीशी सरकारी सुट्टी होती. रिळं संध्याकाळच्या गाडीने परत जायची होती. काका सकाळीच टॉकीजच्या मॅनेजरकडे गेले आणि म्हणाले, मला हा सिनेमा सरळ लावून बघायचाय. “देख लो जी, हॉल खाली ही पड़ा है,” मॅनेजर म्हणाला. काका, काकू, मी, मावशी आणि काकांची फजिती बघायला आलेले जोगळेकर पतिपत्नी, एवढेच आम्ही प्रेक्षक. बाजार झाला. बाप मेला. कुलूप लागलं. काका पुढे वाकून बघत होते, पण त्यांचा रुमाल खिशातून बाहेर आला नाही.

दुपारी कोपर्निकस मार्गावरच्या अतिथीगृहातल्या एका खोलीत मंडळाची कमिटी बसली, आणि काकांबरोबर आम्हीही गेलो. “मग काका, चूक कबूल?” जोगळेकरांनी विचारलं.

“बिल्कुल,” काका म्हणाले. “दिग्दर्शकाला फुकटचं श्रेय दिलं, ते परत घेतो. आजचा सिनेमा बरोबर आहे. पण मला कालचाच आवडला.”

“अहो, पण कालचा सिनेमा असा कुठे नाहीच आहे!”

“नाहीये ना. तेच तर. पण काल मी रडलो, ते कसं परत घेऊ?”

खोलीत हशा पिकला. ‘चूक झाली, क्षमा असावी’ एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. काकू त्यांचा सदरा मागून ओढत होत्या, तेही आम्हाला दिसत होतं. काकांनी काकूंचा हात हळूच सोडवला. तेवढ्यात कोपऱ्यातून जोगळेकरबाई म्हणाल्या, “मलाही कालचाच आवडला हो.” जोगळेकरांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्या पर्स उघडून त्यात काहीतरी शोधू लागल्या. यापुढे सिनेमे कमिटी निवडेल, असं ठरलं.

बाहेर आलो तेव्हा मला रडू येत होतं. बसस्टॉपवर काकू पाठ फिरवून उभ्या होत्या, आणि मावशी पार ओशाळून गेली होती. “माझ्यामुळे हो सगळं,” ती म्हणाली. “मी मेली कशाला बोलले!”

“छे छे, बरं झालं बोललात,” काका म्हणाले. “नाहीतर मला दुसरा सिनेमा कळलाच नसता. अच्छा, ते जाऊ द्या. पुण्यात सध्या आणखी काय लागलंय? काय पाहिलंत?”

मावशीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग भीत भीत एका नव्या नाटकाची गोष्ट सांगायला घेतली. काका चष्मा वर ढकलून ऐकू लागले. एवढा मान नुकताच हातचा गेलेल्या माणसाला समोरच्या बाईच्या नाटकात इतका जीव कसा गुंतवता येतो, हे मला आजही कळलेलं नाही, आणि हेवा तर रोज वाटतो.

आमची बस आली. काकूंनी हात केला, बस थांबली. मावशीचा दुसरा अंक नुकताच सुरू झाला होता. “जाओ जी, जाओ,” काकांनी कंडक्टरला हाताने खुणावलं, आणि मावशीकडे वळून म्हणाले, “हं, मग? तो दार उघडतो, आणि?”